बातमीच्या डोक्यावरची ओळ

नमस्कार सर,

मी कराडची. वय ४६, पतसंस्थेत नोकरी. घरात सासरे (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ७४, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झाले), मिस्टर, २०२५ मध्ये बारावी होऊन इंजिनिअरिंगला गेलेला मुलगा आणि सहावीतली धाकटी.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्याकडे एकच पेपर येतो. अण्णा तो पहिल्या पानापासून निविदांपर्यंत वाचायचे. आता घडीसुद्धा न मोडता रद्दीत जातो. अण्णा दिवसभर यूट्यूबवर बातम्या बघतात, आवाज मोठा करून, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येईल ते सगळ्या पाहुण्यांना पाठवतात. २०२५ च्या मे महिन्यात 'एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार' हा मेसेज वाचून ते भर दुपारी दीड तास रांगेत उभे राहिले. पैसे निघाले, पण संध्याकाळी चक्कर आली.

मुलगा काहीच वाचत नाही, सगळं एआयला विचारतो. नॉन-क्रीमी लेअरचं सर्टिफिकेट चालेल का, हेही त्यालाच विचारलं. 'चालेल' म्हणाला. ऐन वेळी कळलं की मुदत संपलेली आहे. मग सेतू केंद्राचे हेलपाटे.

आणि मी? मी स्वतःला शहाणी समजत होते. त्याच वर्षी जुलैमध्ये पाऊस लागला होता. 'उद्या शाळांना सुट्टी' असं जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र मी धाकटीच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. ते आदल्या वर्षीचं निघालं. बावीस मुलं घरी राहिली. बाई काही बोलल्या नाहीत, पण तेव्हापासून मी ग्रुपवर तोंड उघडलेलं नाही. रात्री अंथरुणात रील्स बघण्यात तास जातो तो वेगळाच.

मिस्टर म्हणतात पेपर बंद करू. मुलगा म्हणतो, "आई, बातमी ही गोष्टच आता जुनी झाली." मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. पेपर बंद करू का? आणि 'हे खोटं आहे' असं सुनेनं सासऱ्यांना सांगायचं कसं?

— एक सून, कराड

•

ताई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा बावीस मुलांपाशी हसू आलं, माफ करा. त्या मुलांना विचारलं तर ती तुम्हाला अजून दुवा देत असतील. दुसऱ्यांदा वाचताना मात्र जाणवलं, की तुम्ही घरातल्या तिघांची तीन दुखणी म्हणून लिहिलंय, पण दुखणं एकच आहे. अण्णांना फसवलं मेसेजनं, तुम्हाला पत्रानं आणि चिरंजीवांना एआयच्या उत्तरानं. तिन्ही ठिकाणी मजकूर होता, भाषा नीट होती, कुठं शंका यावी असं काही नव्हतं. एक ओळ तेवढी गायब होती.

कुठली, ते सांगतो. मी सव्वीस वर्षं एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानात बसवण्याच्या कामात काढली. आमच्याकडे बातमी सुरू होण्याआधी ठळक अक्षरांत दोन-तीन शब्द असत : 'पाटण, ता. १२' किंवा 'पाटण, प्रतिनिधी'. आम्ही तिला डेटलाइन म्हणायचो. वाचक ती ओळ मुद्दाम वाचत नसे. पण न वाचताही ती त्याच्या डोक्यात जायची : कुठली बातमी, कधीची आणि कुणी दिलेली. पानाच्या माथ्यावर पेपरचं नाव आणि तारीख असायचीच. म्हणजे अण्णा चाळीस वर्षं जे काही वाचत आले, त्या प्रत्येक गोष्टीला गाव, तारीख आणि धनी होता. त्यामुळे 'हे कोण म्हणतंय' असं विचारायची सवय त्यांना लागलीच नाही. तशी गरजच पडली नव्हती.

ती ओळ उडवली की काय होतं, हे मी स्वतःच्या कर्मानं शिकलो. ब्रोमाइड, म्हणजे मजकूर उमटवलेला फोटोचा कागद, कापून पानावर चिकटवायचे दिवस. रात्रीचा दीड, पान सोडायची घाई आणि कालव्याच्या आवर्तनाची बातमी कॉलमात दोन ओळींनी जास्त. मी डेटलाइन छाटली, पहिल्या वाक्यातला तालुकाही छाटला. उरलं ते एवढंच, 'उजव्या कालव्याला सोमवारपासून पाणी सुटणार'. आमच्या जिल्ह्यात उजवे कालवे तीन! मंगळवारी एका भलत्याच गावचे पंधरा-वीस शेतकरी आमचा पेपर हातात घेऊन पाटबंधारेच्या कचेरीत. वृत्तसंपादकांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत. टेबलावरची कात्री माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "पुढच्या वेळी बोट काप, डेटलाइन नको."

त्या बातमीत खोटं काहीच नव्हतं, हे लक्षात घ्या. पाणी खरोखरच सुटणार होतं. तुमचं सुट्टीचं पत्रही खरंच होतं, फक्त आदल्या वर्षीचं.

आता फोनमध्ये ही ओळ कुठं जाते ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण मेसेज पुढे ढकलतो तेव्हा मूळ लिहिणाऱ्याचं नाव मागेच राहतं. वर दिसतं ते पाठवणाऱ्याचं नाव : मिरजेच्या मामांचं, अण्णांच्या डेपोतल्या जुन्या मित्राचं. माणूस विश्वासाचा, म्हणून मेसेजही विश्वासाचा. खूण म्हणून राहतो तो एक बारीक बाण. दोन बाण दिसले तर तो मेसेज एकातून दुसऱ्याला असा पाच किंवा जास्त हातांतून आलेला असतो. हे बाण आणि फॉरवर्डवरची बंधनं सुखासुखी आलेली नाहीत. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा रविवार. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. त्यांतले बहुतेक जण मंगळवेढ्याकडचे. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं जाहीर केलं, की भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल. एप्रिल २०२० मध्ये दोन बाणांच्या मेसेजसाठी ती मर्यादा एकावर आली. मेसेज कुणी लिहिला हे बाणाला सांगता येत नाही. एवढंच कळतं, की तो पाठवणाऱ्याचा स्वतःचा नाही.

मे २०२५ चा तो आठवडा आठवा. सीमेवर तोफा चालू होत्या, लोकांच्या पोटात गोळा होता. एटीएमचा मेसेज इतका पसरला की केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकला जाहीर करावं लागलं, एटीएम नेहमीसारखी चालू आहेत. त्याच दिवसांत व्हिडिओ गेममधली दृश्यं युद्धाची म्हणून फिरली आणि मोठमोठ्या वाहिन्यांनी कराची बंदरावर हल्ला झाल्याच्या, न घडलेल्या बातम्या रात्रभर चालवल्या. शेकडो माणसांचा स्टाफ असलेल्या न्यूजरूम जिथं घसरल्या, तिथं अण्णांनी एक मेसेज खरा मानला तर त्यांना भाबडं म्हणायचं कशाला? दीड तास उन्हात उभे राहिले, तेही घरासाठीच.

म्हणून तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो. 'हे खोटं आहे' हे वाक्य तुम्ही म्हणूच नका. सुनेनं काय, लेकानंही म्हणू नये. खोटं म्हटलं की वाद माणसाशी होतो, मेसेज राहतो बाजूला. तुम्ही फक्त विचारायचं, "कधीचं आहे हो अण्णा हे?" एवढंच. तारीख विचारण्यात अपमान नाही. आणि तारीख शोधायला गेलं की दहापैकी आठ मेसेजांचा जीव तिथंच जातो, हा माझा अनुभव.

अण्णांच्या बाबतीत तर तुमच्या हातात हुकमाचा पत्ता आहे, आणि तुम्ही तो पत्रात कंसात टाकून मोकळ्या झालात. ते वाहतूक नियंत्रक होते! स्टँडवर गाडी लागली की कंडक्टर कागद घेऊन कुणाकडे पळतो? कंट्रोलरच्या खिडकीत, एंट्री करायला. गाडी कुठून आली, किती वाजता लागली, कुठं चालली. एंट्री झाल्याशिवाय गाडी हलत नाही. अण्णांनी हे काम उभ्या हयातीत हजारो वेळा केलंय. त्यांना डिजिटल साक्षरता वगैरे शिकवायला जाऊ नका. शांतपणे म्हणा, "अण्णा, हा मेसेज बिनएंट्रीचा सुटलाय. कुठून आला, कधी निघाला, काहीच लिहिलेलं नाही. तुम्ही बघता का जरा?" आणि मग त्यांना खरोखर बघू द्या. घरातल्या ग्रुपवर असा नियमच करा, की बाहेरून आलेलं काहीही अण्णांच्या खिडकीतून गेल्याशिवाय पुढं जाणार नाही. पहिले चार दिवस ते तुमचेच मेसेज अडवतील. अडवू द्या.

यूट्यूबचा विषय थोडा वेगळा. तिथं अण्णा बातम्या निवडत नाहीत, बातम्या अण्णांना निवडतात. एक चिडलेला व्हिडिओ पूर्ण बघितला की पुढचा त्याहून चिडलेला हजर. त्यावर एक साधा इलाज आहे आणि तो बऱ्याच जणांना माहीत नाही. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये बघण्याचा इतिहास, म्हणजे वॉच हिस्ट्री, बंद करा आणि जुना इतिहास पुसून टाका. २०२३ पासून यूट्यूबनंच अशी सोय केलीय, की इतिहास बंद असेल तर उघडल्यावरचं पान जवळजवळ कोरं राहतं, तिथं शिफारशींची रांग लागत नाही. मग अण्णांना जे हवं ते माइकचं बटण दाबून मराठीत बोलून शोधायचं. शोधणं आलं की निवडणं आलं. अर्थात हे त्यांच्या नकळत करू नका. विचारून करा, फोन त्यांचा आहे.

आणि त्यांना आकाशवाणीची प्रादेशिक बातमीपत्रं पुन्हा लावून द्या. फोनवर 'न्यूज ऑन एआयआर' अ‍ॅपवर मिळतात. दहा मिनिटांत संपतात, हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण. यूट्यूब कधी संपत नाही. अण्णांच्या पिढीला पुणे केंद्रावरच्या सुधा नरवणे नक्की आठवत असतील. आधी केंद्राचं नाव, मग स्वतःचं नाव, मग बातमी. रेडिओवर डेटलाइन कानानं ऐकू यायची.

आता चिरंजीव. त्यांच्यावर माझा राग नाही. 'एआय वापरू नकोस' असं सांगणारा माणूस कॅलक्युलेटरच्या काळातही होता आणि त्याचं कुणी ऐकलं नाही. बातम्यांसाठी एआयला विचारणारे लोक अजून थोडेच आहेत. पत्रकारितेचा अभ्यास करणाऱ्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२५ च्या अहवालात ४८ देशांतल्या पाहणीत आठवड्याला ७ टक्के निघाले, पंचविशीच्या आतल्यांत १५ टक्के. म्हणजे तरुणांत दुप्पट. पुढचा रस्ता हाच आहे, तो अडवण्यात अर्थ नाही.

पण त्या सर्टिफिकेटचं काय झालं असेल ते त्याला समजावून सांगा. नॉन-क्रीमी लेअरच्या दाखल्यावर 'अमुक ३१ मार्चपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेला दाखला लागत होता. आदल्या वर्षी तोच नियम एक वर्ष मागचा होता. नेटवर दोन्ही वर्षांची पानं शेजारी-शेजारी पडलेली असतात : सरकारी परिपत्रकं, कोचिंग क्लासवाल्यांचे लेख, कुणीतरी विचारलेले प्रश्न. एआय ही पानं गोळा करून त्यांची एक गुळगुळीत बेरीज करतो. त्या बेरजेत पहिली गळते ती तारीख. चार पानांतून चार वाक्यं आली तरी वाचताना ती एकाच जाणत्या माणसानं सांगितल्यासारखी वाटतात. मराठीत याला जुना शब्द आहे, बोलविता धनी. एआयच्या उत्तरात बोलविते धनी चार असतात, आणि चौघेही पडद्याआड.

मे २०२४ मध्ये गुगलनं अमेरिकेत शोधाच्या निकालांवर एआयचा सारांश लावायला सुरुवात केली. कुणी तरी विचारलं, पिझ्झ्यावरचं चीज घसरतं, काय करावं? उत्तर आलं, सॉसमध्ये थोडा बिनविषारी डिंक घाला. ते आलं होतं रेडिट नावाच्या गप्पांच्या संकेतस्थळावर एका माणसानं अकरा वर्षांपूर्वी केलेल्या थट्टेतून. थट्टा मूळ जागी थट्टाच होती, वाचणाऱ्याला ती तिथं कळलीही असती. जागा पुसली आणि तिचा सल्ला झाला. ऑगस्टमध्ये हे सारांश आपल्याकडेही आले.

तेव्हापासून यंत्रं सुधारलीत, हे खरं. तरी ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन आणि बीबीसीनं एक तपासणी जाहीर केली. १८ देशांतल्या २२ सार्वजनिक प्रसारण संस्थांच्या पत्रकारांनी बातम्यांविषयीची तीन हजारांवर उत्तरं तपासली. ४५ टक्के उत्तरांत निदान एक तरी गंभीर दोष होता. आणि सगळ्यात जास्त दोष कशात? ३१ टक्के उत्तरांत स्रोताचाच घोळ : स्रोत नाही, चुकीचा आहे किंवा त्याच्या तोंडी भलतंच घातलंय. आकडा वाचला आणि मला ती कात्री आठवली.

गंमत अशी, की उत्तराखाली दुवे दिलेले असतात. उघडतो कोण? प्यू रिसर्च या पाहण्या करणाऱ्या संस्थेनं मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ९०० जणांचा गुगल वापर पाहिला. सारांश नसेल तेव्हा १५ टक्के वेळा लोक एखाद्या निकालावर टिचकी मारत. सारांश असेल तेव्हा ८ टक्के. आणि सारांशातल्या दुव्यावर टिचकी? एक टक्का.

तर चिरंजीवांना दोन गोष्टी सांगा. तारीख, पैसा, औषध आणि सरकारी कागद या चार विषयांत एआयचं उत्तर म्हणजे नाक्यावर विचारलेला पत्ता. त्या दिशेनं जायला हरकत नाही, पण दारावरची पाटी स्वतः वाचायची. पाटी म्हणजे ज्या कचेरीचा नियम, तिचंच पान, त्यावरची तारीख. गुगलवर निकालांच्या वरच्या पट्टीत 'वेब' असं एक बटण असतं, कधी 'आणखी'च्या आत दडलेलं. ते दाबलं की सारांश बाजूला होतो आणि जुन्या पद्धतीची नुसती पानांची यादी येते. दुसरी गोष्ट जरा मजेची. त्याला म्हणावं, एआयला आपल्या गल्लीबद्दल, आपल्या शाळेबद्दल, आपल्या यात्रेबद्दल दहा प्रश्न विचार. उत्तरं तुला आधीच माहीत आहेत असेच. किती बरोबर येतात ते मोज. मुंबई-दिल्लीबद्दल भरभरून बोलणारं यंत्र आपल्या गावाच्या वेशीपाशी येऊन कसं थापा मारायला लागतं, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की हजार उपदेशांचं काम होतं. मराठीत विचारल्यावर आणि इंग्रजीत विचारल्यावर उत्तर बदलतं का, हेही बघायला सांगा.

'बातमी जुनी झाली' हे त्याचं वाक्य मला आवडलं. चूक आहे, पण आवडलं. जुना झालाय तो बातमीचा डबा. आतला माल आजही कुणाला तरी जागेवर जाऊनच आणावा लागतो. कोयनेचे दरवाजे किती फुटांनी उचलले, नगरपालिकेच्या सभेत कुठला विषय गुपचूप मंजूर झाला, हे एआयला स्वप्नात दिसत नाही. तालुक्याचा वार्ताहर पावसात मोटरसायकलवर जाऊन ते लिहितो. त्याला मिळतं तुटपुंजं मानधन आणि जाहिरात आणली तर कमिशन. लोकांनी पानं उघडायचं थांबवलं, की पहिली गदा त्याच्यावर येते.

पेपरांची वकिली करतोय असं वाटेल, म्हणून आमच्या घरातली घाणही सांगतो. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत मराठी वर्तमानपत्रांतल्या 'पेड न्यूज'चा बभ्रा देशभर झाला. उमेदवारांचं कौतुक पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेलं. प्रेस कौन्सिलला उपसमिती नेमावी लागली. पण ते उघडकीला कसं आलं? एकच कौतुकाचा लेख, शब्दाला शब्द, वेगवेगळ्या पेपरांत वेगवेगळ्या नावांनी आला होता. नावं छापलेली होती, तारखा छापलेल्या होत्या, अंक रद्दीत का होईना शिल्लक होते. कुणी तरी ते शेजारी-शेजारी ठेवले. काल रात्री तुम्ही बघितलेली रील आज कुणाच्या शेजारी ठेवणार?

रील्सवरून आठवलं, तुमचा रात्रीचा तास. त्यावर फार बोलत नाही. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून झोपायला जा. गजराचं कारण सांगू नका, गजराचं घड्याळ अजून दुकानात मिळतं.

तुमच्या त्या सुट्टीच्या पत्राकडे येऊ. असं पत्र पुन्हा आलं तर मजकुरावर नजर टाकण्याआधी वरचा उजवा कोपरा बघायचा. तिथं जावक क्रमांक आणि दिनांक असतो. कोपरा कापलेला असेल, फोटो आडवातिडवा छाटलेला असेल, तर छाटणाऱ्याला काही तरी लपवायचं होतं किंवा त्याला घाई होती. दोन्ही वाईट. मग कोणकोणते तालुके लिहिलेत ते. पाटण, जावळी, महाबळेश्वरला सुट्टी म्हणजे कराडला सुट्टी असं नाही. शेवटी जिल्हाधिकारी कार्यालयाचं किंवा जिल्हा माहिती कार्यालयाचं अधिकृत खातं. तिथं नसेल तर सुट्टी नाही, दप्तर भरा.

आणि ग्रुपवर तोंड बंद ठेवलंय ते उघडा. पेपरात चूक झाली की आम्ही खुलासा छापायचो. चूक पहिल्या पानावर, खुलासा सातव्या पानावर कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत. तुम्ही तसं करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर 'सगळ्यांसाठी डिलीट' साधारण दोन दिवसांपर्यंतच करता येतं आणि तेवढ्यात तो मेसेज दहा ग्रुपांत गेलेला असतो. म्हणून जिथं चूक टाकली तिथंच, त्याच ग्रुपवर, साधं लिहायचं. उशीर झालाय, तरी लिहा : 'जुलैमध्ये मी टाकलेलं सुट्टीचं पत्र आदल्या वर्षीचं होतं. तारीख न बघता टाकलं. माझी चूक झाली. कुणी पुढं पाठवलं असेल तर तिथंही कळवा.' त्यात हात जोडलेली सहा चित्रं घालू नका, कारणं देऊ नका. बाई मनात म्हणतील, चला, एक पालक तरी तारीख बघायला लागली.

राहिला पेपर. बंद करू नका, निदान इतक्यात नाही. तुमच्या घरातल्या एका मोबाइलच्या रिचार्जपेक्षा त्याचं बिल कमीच येत असणार. पण तो जसा येतो तसा रद्दीत जाणार असेल तर मिस्टरांचं खरं आहे. म्हणून तीन महिने एक प्रयोग करा. देशाच्या आणि जगाच्या बातम्यांसाठी पेपर उघडायचाच नाही, त्या सगळ्यांना फोनवर आदल्या रात्रीच कळलेल्या असतात. सकाळच्या चहाला फक्त आतली जिल्ह्याची पानं : पाणी कधी येणार, रस्ता कुठं बंद, कुठल्या शाळेची कसली चौकशी, निधनवार्ता, निविदा. अण्णांना मोठ्यानं वाचायला सांगा, त्यांचा आवाज स्टँडवर घोषणा करून तयार झालेला आहे. धाकटीला त्यातून एक बातमी निवडू द्या आणि डोक्यावरची ओळ वाचायला सांगा : गाव कुठलं, तारीख कुठली, कुणी दिली. तीन महिन्यांनी कुणालाच त्यात रस उरला नाही, तर खुशाल बंद करा, मनाला लावून घेऊ नका. पण तेच पैसे मग दुसरीकडे कुठं तरी बातमीसाठीच द्या. फुकट बातमीचा खर्च कोण करतंय, हे कळणं अवघड असतं.

एक काम माझंही आहे अण्णांकडे. १९८१ साली मी कराडहून चिपळूणला जाणारी, कुंभार्ली घाटातली रात्रीची शेवटची गाडी चुकवली आणि रात्रभर कराडच्या स्टँडवर बाकावर झोपलो. ती गाडी किती वाजता सुटायची, ते काही केल्या आठवत नाही. नेटवर मिळालं नाही. एआयला विचारलं तर त्यानं क्षणात, ठासून, 'रात्री सव्वानऊ' असं सांगितलं. अण्णांना विचारून कळवाल का?